सुटलेलं कॉलेज आणि जनसंपर्काची पदवी



आपल्या गटांतून एक प्रश्न नेहमी येतो. लेकीनं किंवा सुनेनं बी.ए.चं पहिलं वर्ष पूर्ण केलं, मग लग्न झालं नाहीतर घरात आजारपण आलं आणि कॉलेज सुटलं. आता तिला पुढं शिकायचंय, आणि तेही जनसंपर्क. मग झालेलं वर्ष वाया गेलं का? आज त्याच प्रश्नाचं उत्तर बघू.

आधी जनसंपर्क म्हणजे काय ते पाहू. दवाखाना असो, दूध संघ असो, बँक असो की जिल्हा परिषद, प्रत्येकाला आपलं काम लोकांना नीट सांगावं लागतं आणि लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते, विश्वास मात्र कमवावा लागतो. तो कमवण्याचं काम जनसंपर्काचं. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती अधिकारी असतात, ते सरकारसाठी हेच काम करतात. प्रदर्शनात गटाचा मसाला मांडून गिऱ्हाइकाशी बोलणारी ताईसुद्धा याच वाटेवर असते.

आता शिक्षणाकडे वळू. नव्या शैक्षणिक धोरणात अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. साधारण १५ तास शिकवणं म्हणजे एक क्रेडिट. एका वर्षाची किमान ४० क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीची किमान १२०. आपल्या राज्यात विद्यापीठांना जोडलेल्या कॉलेजांत ही पद्धत २०२४-२५ पासून आली, स्वायत्त कॉलेजांत त्याच्या एक वर्ष आधी.

ही क्रेडिट जमा होतात ती क्रेडिट बँकेत. आपण गटाच्या खात्यात बचत टाकतो तसंच हे आहे. खातं डिजिलॉकरवर उघडता येतं आणि त्याला १२ अंकी अपार क्रमांक मिळतो. पण दोन मुदती लक्षात ठेवा. खात्यातली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. आणि पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलीनं तीन वर्षांच्या आत परत यावं, असा यूजीसीच्या आराखड्यातला नियम आहे. त्या प्रमाणपत्रासाठी चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रमही करावा लागतो. म्हणून "पोरगं शाळेत जाऊ दे, मग बघू" असं म्हणत बसलं तर मुदत निघून जाते.

कॉलेज २०२१-२२ च्या आधी सुटलं असेल तर ही बँक उपयोगाची नाही. पण नाउमेद होऊ नका. त्यांच्यासाठीही वाट आहे, ती पुढं येतेच.

क्रेडिट खात्यात आहेत म्हणजे सगळी धरली जातील, असं मात्र नाही. समजा, मुलीचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि तिला जनसंज्ञापनाच्या पदवीला जायचंय. भाषा, पर्यावरण असे सामाईक विषय धरले जाण्याची शक्यता जास्त. अर्थशास्त्राचे पेपर मुख्य विषय म्हणून धरणार नाहीत, फार तर जोडविषय म्हणून. किती क्रेडिट धरायची हे नवं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. म्हणून जुनं कॉलेज सोडण्याआधी नव्या ठिकाणी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या: माझी किती क्रेडिट धरणार? मला कोणत्या वर्षाला प्रवेश मिळेल? राहिलेले कोणते पेपर द्यावे लागतील?

वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिली, आत्ताच जनसंज्ञापनाच्या पदवीला बदली घेणं. शहरात राहण्याची सोय असेल आणि बरीच क्रेडिट धरली जात असतील तर ही चांगली. दुसरी, सुरू केलेली बी.ए. जवळच्या कॉलेजात किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातून पूर्ण करणं आणि मग पदव्युत्तर शिक्षण जनसंपर्कात घेणं. मुंबई विद्यापीठात जनसंपर्काचं एम.ए. आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात संज्ञापन आणि पत्रकारिता शिकवतात. बी.ए.चा विषय कोणता होता यावर तिथं फारसं अडत नाही. घर, लेकरं, शेत सांभाळणाऱ्या मुलीला बहुतेक वेळा ही दुसरी वाट झेपते. ज्यांची जुनी क्रेडिट चालत नाहीत, त्यांच्यासाठीही हीच.

आता कागदपत्रं. गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि मधल्या वर्षांसाठी खंड प्रमाणपत्र. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर खातं जुळत नाही. विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून ठेवा. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या.

पैशाचाही विचार आधीच करा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि महाडीबीटीवर कोणती शिष्यवृत्ती बसते ते बघा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या काही प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. आपला अभ्यासक्रम त्यात येतो का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा चौकशीसाठी एक फेरी मारायला मागं राहू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गावात कॉलेज सुटलेल्या मुली किती, कुणाचं कोणत्या साली सुटलं, कुणाचं क्रेडिट खातं आहे, हे वहीत लिहा. ज्यांची मुदत आधी संपते त्यांची नावं वर घ्या. कर्जाच्या मागण्या मांडताना फीची मागणीही मांडा. आणि कॉलेजात चौकशीला जाताना मुलीला एकटीला पाठवू नका, गटातली एक जण सोबत जा. दोघी असल्या की प्रश्नही नीट विचारले जातात आणि उत्तरही लक्षात राहतं.