पेरणीची तारीख खरी सांगा

वाचकहो, बैलबाजारात गेल्यावर तुम्ही आधी काय पाहता? शिंगे, वशिंड, चाल हे सारे नंतर. आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहता. विकणारा काहीही सांगो, दात खोटे बोलत नाहीत. शर्यतीच्या मैदानावरही तेच. तिथे आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पडतात, आणि आदतच्या गटात कुणी दुसा जुंपला तर सारे मैदान ओरडून उठते. जनावराच्या वयाबाबत आपण इतके काटेकोर! पण घरच्या पोराच्या वयाची गोष्ट निघाली की ‘टाका १ जून’ म्हणून मोकळे होतो.

मी स्वतः त्यातलाच एक. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आई मात्र सांगायची, तू भातझोडणीच्या दिवसांत झालास. जूनमध्ये कुठली आली झोडणी! शाळा सुरू होताना गुरुजींनी वयाचा मेळ बसवला आणि मी जूनचा झालो. माझे त्यात फारसे बिघडले नाही. काही महिने आधी निवृत्त होईन, एवढेच. पण आजच्या मुलांचे यात बरेच काही बिघडू शकते, हे मला गेल्या हिवाळ्यात एका फुटबॉलने शिकवले.

कार्यालयाच्या कामासाठी ठाण्याला गेलो की माझा मुक्काम टेंभी नाक्यावर ताईकडे असतो. त्या दिवशी संध्याकाळी शहापूर तालुक्यातला एक ओळखीचा शेतकरी माझा पत्ता काढत तिथे आला. बरोबर त्याचा मुलगा, हातात जाळीच्या पिशवीत फुटबॉल. ताईने चहा टाकला, पोराला लाडू दिला. पोराने लाडू हातात धरला, खाल्ला नाही.

“साहेब, याला एका संघाच्या चाचणीत घेतला होता,” बाप सांगू लागला. “तेरा वर्षांखालच्या संघात. गुरुजी म्हणाले, पोरात दम आहे. पण कागद पाहिले अन् सगळं अडलं. शाळेत याचं वय एक वर्ष जास्त लागलंय.”

“खरे वय काय?”

“खरं पाहिलं तर तेराच्या आतच आहे. त्या साली धाकटी झाली, हिची आई आजारी, घरी याला सांभाळायला कोणी नव्हतं. लवकर शाळेत बसावा म्हणून मीच वर्ष वाढवून सांगितलं.”

मग त्याने आवाज खाली आणला. एकाने त्याला सांगितले होते, पैसे टाका, पाहिजे ती तारीख आणून देतो. आणि करायचेच तर एक वर्ष कशाला, दोन कमी करू, पोरगा गटात उठून दिसेल. “काय करू साहेब?”

मी बोलण्याआधी पोरगाच बोलला, “मग आता मी खेळायचंच नाही का?”

त्याला मी काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. आधी ही वयाच्या गटांची पद्धत समजून घेऊ, कारण उद्या हा प्रश्न तुमच्याही ओटीवर येऊ शकतो.

आपल्या देशात फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघ पाहतो. मुलांच्या राष्ट्रीय पातळीवरील लीग स्पर्धा तो वयाप्रमाणे वेगवेगळ्या घेतो. पंधरा वर्षांखालील गटाची लीग २०१५ साली सुरू झाली. २०१८-१९ च्या हंगामात १३, १५ आणि १८ वर्षांखालील असे तीन गट होते. पुढे या रेषा एखाद्या वर्षाने इकडेतिकडे सरकल्या, पण तत्त्व तेच राहिले. त्याहून लहान, सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी महासंघाने २०१८ मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ काढल्या. त्यात मैदान लहान आणि संघातली मुलेही कमी, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो.

लीग म्हणजे एक सामना हरला की घरी, असे नसते. विभागातले संघ एकमेकांशी आळीपाळीने खेळतात, गुण मिळवतात, आणि वरचे संघ पुढच्या फेरीत जातात. मुलाला हंगामभर खेळायला मिळते, हा यातला मोठा फायदा. याशिवाय शाळांसाठी सुब्रतो चषक आहे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून तो चालतो, आणि त्यात सतरा वर्षांखालील मुलींचाही गट आहे. त्याची वाट तालुका आणि जिल्ह्यावरून जाते. त्यामुळे खेड्यातल्या शाळेला तो दरवाजा सर्वांत जवळचा.

तुम्ही म्हणाल, वर्षा-दोन वर्षांचा एवढा बाऊ कशाला? शेतीच्याच भाषेत सांगतो. दोन वाणांची तुलना करायची तर दोन्ही एकाच दिवशी पेरावी लागतात. एक पंधरा दिवस आधी पेरले आणि ‘बघा कसे तरारले’ म्हटले, तर ती तुलना नव्हे, फसवणूक. बारा-तेराव्या वर्षी मुलाच्या अंगात एका वर्षाने फार फरक पडतो. उंची, ताकद, धाव, सारेच बदलते. पंधराचा मुलगा तेराच्या गटात घुसला तर तो जिंकणारच. पण त्यासाठी खरोखर तेराचा असलेला एखादा मुलगा बाहेर बसतो, आणि ‘आपल्यात काही नाही’ असे समजून कायमचा घरी जातो. तोही कुणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो.

लबाडी करणाऱ्याचे तरी कुठे भले होते? तो आडदांडपणावर जिंकतो, पायातले कसब शिकत नाही. चार वर्षांनी बाकीची मुले उंचीने त्याला गाठतात, तेव्हा त्याच्या हाती काही उरत नाही.

आणि भातासारखी मुलेही हळवी, निमगरवी आणि गरवी असतात. जन्म एकाच महिन्यातला, पण एकाला मिसरूड फुटते, दुसरा अजून लहानखुरा. गरवे भात उशिरा निसवते म्हणून कुणी ते उपटून टाकतो का? तेव्हा तुमचा मुलगा आज अंगाने लहान दिसतो म्हणून त्याचा खेळ मोडू नका.

आता दातांची गोष्ट. माणसाचे वय पाहायलाही तशी सोय आहे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी एक कोवळी पट्टी असते. वाढ पुरी झाली की ती भरून येते. महासंघाच्या लहान गटांच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. फिफा या जागतिक संघटनेने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. हाडाचे वय आणि कागदाचे वय महिन्या-दिवसाने जुळेलच असे नाही, पण दोन-तीन वर्षांची लबाडी तिथे सहसा लपत नाही. पकडला गेला की खेळावर बंदी येऊ शकते, आणि खोटा दाखला करणे हा गुन्हा आहेच.

खरी तारीख किती मोलाची असते पाहा. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक प्रथमच भारतात झाला. नवी मुंबईतही त्याचे सामने झाले. खेळाडूचा जन्म १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा हवा, अशी अट होती. भारताच्या त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचा जन्म १३ जुलै २००० चा. समजा कुणी शाळेत घालताना ‘टाका एक वर्ष मागे’ म्हटले असते, तर? अंगात खेळ असूनही तो विश्वचषक त्याला घरी बसून पाहावा लागला असता. मुलींनाही ही वाट मोकळी आहे. २०२२ चा मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषकही भारतात झाला, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, एवढे करा. घरात मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत नोंद करा. एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. नोंदीवर थांबू नका, दाखला काढून सातबाऱ्याइतका जपून ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून हाच दाखला लागणार. शाळेत नाव घालताना त्यावरचीच तारीख द्या. चुकली असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, शाळा सुटल्यावर ते फार अवघड होते. चाचणीला जाण्यापूर्वी त्या वर्षीच्या गटाची रेषा विचारून घ्या.

आता टेंभी नाक्यावरचे उत्तर. बापाला म्हटले, “दादा, एक खोटी तारीख तुम्ही घातली, तिने पोराचे नुकसान केले. दुसरी घालून ते भरून येणार नाही. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत आहे ना? तिचा दाखला काढा आणि शाळेत अर्ज द्या.” पोराला म्हटले, “बाळा, हा हंगाम गेला असे धर. पण गट एकच नाही. तेराचे दार लागले तरी पंधराचे उघडणार आहे. खरीप गेला म्हणून आपण रब्बी सोडतो का?”

तो काही बोलला नाही, पण लाडू मात्र खाल्ला.

दाखला मिळाला. अर्ज शाळेतून पुढे गेला, हेलपाटे बरेच झाले, पण तारीख दुरुस्त झाली. तो हंगाम मात्र गेला तो गेलाच. परवा त्यांच्या गावी गेलो होतो. भात काढलेल्या खाचरातले खुंट पोरांनी खणून काढले होते, बांबूचे गोल उभे केले होते आणि आठ-दहा मुले-मुली धुळीत धावत होती. बाप बांधावर उभा होता. मला म्हणाला, “साहेब, आता धाकटीही खेळते. हिचा दाखला मात्र पहिल्या दिवसापासून पेटीत आहे.”