आधी जोखीम, मग पद्धत

लेखमाला : सॉफ्टवेअर कसे घडते – लेखांक ५

वॉटरफॉल, स्पायरल, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, स्क्रम ही सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतींची नावे. त्यांच्यातला फरक बहुधा बैठका, कागदपत्रे आणि वेळापत्रक यांवरून सांगितला जातो. खरा फरक त्याखाली आहे. कोणती जोखीम आधी निकालात काढायची आणि कोणती काही काळ अंगावर वागवायची, याचा क्रम प्रत्येक पद्धत ठरवून देते.

जोखीम जोखताना दोन गोष्टी पाहतात : संकट येण्याची शक्यता किती आणि आलेच तर नुकसान किती. या दोहोंच्या गुणाकारावरून जोखमींची क्रमवारी लागते. क्वचित घडणारी पण सगळा व्यवहार ठप्प करणारी गोष्ट त्यामुळे रोजच्या किरकोळ अडचणींच्या वर येऊ शकते.

एक कल्पित काम घेऊ. अजिंठा लेणी पाहायला येणाऱ्यांच्या खाजगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात आणि तिथून सुमारे चार किलोमीटरचा प्रवास एसटीच्या बसने होतो. या बसच्या तिकिटांसाठी नवे सॉफ्टवेअर करायचे आहे, असे धरले तर त्यात पाच जोखमी लगेच दिसतात. पहिली, वाहकाला नेमके काय लागते हे बनवणाऱ्याला न कळण्याची. गच्च भरलेल्या बसमध्ये एका हातात सुटे पैसे धरून तिकीट फाडायचे असते. तिथे चार वेळा बटणे दाबायला लावणारे यंत्र निरुपयोगी. दुसरी तांत्रिक : वाघूर नदीच्या दरीत मोबाइलचे नेटवर्क गेले तरी तिकीट निघेल का? तिसरी वेळेची : दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी सॉफ्टवेअर तयार होईपर्यंत थांबत नाही. चौथी बदलाची : भाडे वाढले की काय करायचे? पाचवी पैशांची : दिवसअखेरचा भरणा आणि यंत्रातला हिशेब जुळला नाही, तर जाब वाहकालाच द्यावा लागतो.

या पाचही जोखमींना एकच औषध लागू पडत नाही. पहिलीसाठी पडद्यांची कच्ची चित्रे काढून ती वाहकाच्या हातात द्यावी लागतात. याला प्रोटोटाइप म्हणतात. दुसरीसाठी बाकी काहीही लिहिण्याआधी एक छोटा प्रयोग हवा : तिकीट यंत्रातच साठवायचे आणि नेटवर्क आल्यावर पुढे पाठवायचे. हा प्रयोग फसला तर सगळी रचना बदलते, म्हणून तो सर्वांत आधी. तिसरीसाठी काम तुकड्यांत उरकतात. तिकीट देणे आधी, महिन्याचे तक्ते नंतर. चौथीसाठी भाड्याचे दर प्रोग्रॅममध्ये कोरून न ठेवता वेगळ्या यादीत ठेवतात. पाचवीसाठी नवे यंत्र एकाच बसवर चालवून रोजचा हिशेब जुन्या पद्धतीशी ताडून पाहतात.

पद्धतींचा इतिहासही याच नजरेने वाचता येतो. विन्स्टन रॉइस यांनी १९७० च्या निबंधात मागण्या, आराखडा, लेखन, चाचणी अशा पायऱ्यांची आकृती मांडली. पुढे तीच वॉटरफॉल म्हणून रूढ झाली. परंतु चाचणी अगदी शेवटी येत असल्याने ही सरळ उतरण धोक्याची आहे, असा इशारा रॉइस यांनी त्याच निबंधात दिला होता आणि नवीन प्रकारचे काम असेल तर ते दोनदा करावे, असे सुचवले होते. मागण्या पक्क्या असतील आणि आधी केलेलेच काम पुन्हा करायचे असेल, तर वॉटरफॉल चालून जाते. मागण्याच धूसर असतील तर चूक शेवटच्या पायरीवर उघडी पडते, आणि तोवर पैसा व वेळ दोन्ही खर्ची पडलेले असतात.

बॅरी बोहम यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या स्पायरल पद्धतीत जोखीम उघडपणे केंद्रस्थानी आली. प्रत्येक फेरीत सर्वांत मोठी जोखीम शोधायची, तिच्यापुरते काम करायचे आणि मग पुढे जायचे की थांबायचे हे ठरवायचे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी अजाइल जाहीरनामा तयार केला. त्या परंपरेतल्या पद्धती थोड्या थोड्या दिवसांनी चालते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यापुढे ठेवतात आणि भलतीच वस्तू बनण्याची जोखीम कमी करतात. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये दोघे मिळून एकाच पडद्यावर लिहितात. त्यामुळे एक जण काम सोडून गेला तरी त्याच्यासोबत सगळी माहिती जात नाही. रोज सगळ्यांचे काम एकत्र जोडून तपासले जाते, म्हणून तुकडे एकमेकांत न बसण्याचा धोका शेवटपर्यंत साचत नाही.

तुकड्यातुकड्याने करून पाहायचे, ही रीत मात्र केलेले मागे घेता येते तिथेच खपते. मागे न घेता येणाऱ्या कृतीचा धडा फर्दापूरच्या शेजारीच आहे. निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ या काळात इटलीच्या तज्ज्ञांनी अजिंठ्याची सुटत चाललेली चित्रे भिंतीला घट्ट बसवली. चित्रे वाचवण्याचाच तो प्रयत्न होता. पण वापरलेले लाखेचे रोगण पुढे पिवळट-काळपट पडले आणि ते काढण्याचे नाजूक काम नंतरच्या पिढ्यांवर आले. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा रंग तासाभरात परत बदलता येतो. हजारो प्रवाशांची जुनी नोंद पुसून नव्या साच्यात भरणे, किंवा यंत्रांची घाऊक खरेदी, ही कृत्ये मात्र रोगणासारखीच. तिथे आधी प्रत राखून ठेवणे, लहान भागावर चाचणी घेणे आणि लेखी मंजुरी ही सावकाश पद्धतच योग्य ठरते, बाकीचे काम कितीही झपाट्याने चालले असले तरी.

म्हणून एकाच प्रकल्पात दोन पद्धती नांदल्या तर त्यात विसंगती नाही. कामाच्या आरंभी जोखमींची यादी करावी, प्रत्येकीपुढे उपाय आणि जबाबदार माणसाचे नाव लिहावे आणि दर फेरीला यादी पुन्हा वाचावी. मिटलेली जोखीम खोडावी, नवी भरावी. एखाद्या बैठकीने किंवा कागदाने यादीतली एकही जोखीम कमी होत नसेल, तर ते काम सोडून द्यावे. आणि यादीतल्या एखाद्या जोखमीपुढे उपायाची जागा कोरी राहिली असेल, तर पद्धतीचे नाव कोणतेही असो, ती या प्रकल्पाला अपुरी आहे.

पुढील लेखांक : चाचणी – काय तपासावे आणि कधी थांबावे