सातासमुद्रापारची वही

परदेशी निघालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण पडत नाही. लोणच्याची बरणी कशी बांधावी, कुकरच्या रबरी चकत्या जास्तीच्या न्याव्यात की नाही, गोडा मसाला कपड्यांच्या कोणत्या थरात ठेवावा, याविषयी मला इतक्या जणींनी इतके सांगितले की त्याचीच एक पुस्तिका व्हावी. वहीविषयी मात्र एकीनेही चकार शब्द काढला नाही. आणि काढणार तरी कशी? फ्रान्समध्ये काय कागद मिळत नाही?

मिळतो. वाचकहो, उत्तम मिळतो. पण कागद निराळा आणि वही निराळी, एवढे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये यजमानांची नेमणूक दक्षिण फ्रान्सातील तुलूज शहरी झाली. गारोन नदीच्या काठचे हे गाव गुलाबी विटांच्या इमारतींसाठी प्रसिद्ध आहे, आणि आता विमाने बांधण्यासाठीही. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली, सात वर्षांच्या लेकीचे नाव येथल्या शाळेतून काढले आणि सामान बांधले. त्या सामानात माझ्या दोन वह्या होत्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या, एकरेघी, डाव्या हाताला तांबडा समास. एम.ए.ला असल्यापासून मी याच जातीच्या वहीत टिपणे करीत आले आहे. वाचनात आलेला एखादा जुना शब्द, शिकवताना सुचलेला मुद्दा, विद्यार्थ्याने विचारलेली अडचणीची शंका, सगळे तिच्यात. दुसऱ्या कोणत्याही वहीत माझे अक्षर मलाच परके वाटते.

दोन वह्या दोन वर्षे सहज पुरतील, असा माझा हिशोब होता. परंतु बोलायला मराठी माणूस नसले की माणूस लिहीत सुटतो. जानेवारीच्या अखेरीस दुसरी वही संपली.

मग शोध सुरू झाला. बाजारात वह्यांचे डोंगर होते. पण कोणतीही वही उघडावी तो आत रेघांचे जाळे! आडव्या जाड रेघा, त्यांच्या पोटात बारीक रेघा, त्यांना छेदणाऱ्या उभ्या रेघा. जणू कोणी पानावर कोळ्याला मोकळे सोडले होते. दुसऱ्या जातीत नुसते पाच मिलिमीटरचे चौकोन. म्हणजे आपली अंकगणिताची चौकटीची वही. साधी एकरेघी वही औषधालाही सापडेना. शेवटी शाळेजवळच्या एका लहानशा दुकानात मी तेथल्या आजीबाईंना माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारले, "नुसत्या आडव्या रेघांची वही नाही का?"

"कशासाठी हवी, मादाम?"

"लिहायला."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. लिहायला म्हणणाऱ्या बाईला लिहिण्याची वही पुढ्यात असून दिसत नाही, याचे त्यांना नवल वाटले असावे. त्यांनी तीच कोळ्याच्या जाळ्याची वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "आम्ही सगळे हिच्यातच लिहायला शिकलो."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. या आखणीला तिकडे 'सेयेस' म्हणतात. पॅरिसच्या वायव्येस पाँत्वाज नावाचे गाव आहे. तेथे झाँ-अलेक्सांद्र सेयेस नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याने १८९२ मध्ये ही आखणी अधिकृतपणे आपल्या नावे नोंदवली. तेव्हापासून फ्रान्समधील मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी या रेघांवर अक्षरे गिरवली आहेत. राजवटी आल्या आणि गेल्या, दोन महायुद्धे झाली, पण एका दुकानदाराने पाडलेल्या रेघा जागच्या हलल्या नाहीत.

आखणी अशी. दर आठ मिलिमीटरांवर एक जाड आडवी रेघ. दोन जाड रेघांच्या मध्ये तीन बारीक रेघा, म्हणजे दोन-दोन मिलिमीटरांची चार घरे. दर आठ मिलिमीटरांवर एक उभी रेघ, आणि डावीकडे तांबडा समास. रोमन लिपीतले अक्षर जाड रेघेवर पाय टेकून उभे राहते. 'ए', 'ओ' अशी ठेंगणी अक्षरे एका घरात मावतात, 'डी' आणि 'टी' दोन घरे चढतात, 'एल', 'बी', 'एच' ही उंच मंडळी तिसऱ्या घरापर्यंत पोचतात, आणि 'जी'सारख्यांच्या शेपट्या दोन घरे खाली उतरतात. प्रत्येकाची उंची ठरलेली. वर्गात गुरुजी घरे मोजायला लावतात आणि मुले मोजतात. शेजारच्या जर्मनीत तर वह्यांच्या आखणीला क्रमांक आहेत; कोणत्या इयत्तेला कोणत्या क्रमांकाची आखणी, तेही ठरलेले!

मी ती वही घेऊन घरी आले खरी, पण नाराजीने घेऊन आले. तिच्यात लिहिण्याचा धीर मला पुढे आठ दिवस झाला नाही. तो झाला तो माझ्यासाठी नव्हे, लेकीसाठी.

तिकडच्या शाळेत लेक सहा महिन्यांत चांगली रुळली. वळणदार, जोडलेले फ्रेंच अक्षर काढू लागली. घरी दर रविवारी मी तिच्याकडून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक मराठी पत्र लिहून घेत असे. अण्णा प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहतात. मोबाईलवर नातीशी बोलणे झाले तरी त्यांचे समाधान होत नाही. हातात कागद हवा. तर या पत्रांत हळूहळू एक चमत्कार घडू लागला. तिची मराठी अक्षरे खाली घसरली. शाळेतल्या सवयीने ती 'क' आणि 'म' यांना रेघेवर पाय टेकून उभे करू लागली, आणि शिरोरेखा वर अधांतरी, कधी चढती, कधी उतरती. पुढे तर तिने शिरोरेखा काढणेच सोडले. फ्रेंचमध्ये कोठे असते?

अण्णांचा फोन आला. "नात गुजराती शिकते आहे काय ग? डोक्यावर रेघच नाही. आणि ही मला 'आमचे धर छान आहे' असे का कळवते? कोणाला धरू?"

हसण्यावारी नेण्याजोगे हे नव्हते. गुजराती लिपीने शिरोरेखा टाकली आणि तिचे काही बिघडले नाही, कारण तिने आपली अक्षरे तशी वळवून घेतली. देवनागरीत मात्र 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांचा निवाडा शिरोरेखेपाशी होतो. 'घ'चे डोके रेघेने मिटलेले, 'ध'चे उघडे. रेघ गेली की घर आणि धर एकच, मात आणि भात एकच. आजोबांना नातीचे पत्र वाचता येऊ नये, आणि तेही दोघांची भाषा एकच असताना, याची मला रात्री झोप लागेना. बोलीतले मराठी आम्ही घरात जपले होते. लिहिलेले मराठी रेघेवरून घसरून चालले होते.

लिपीचा हा मुद्दा मी वर्गात कित्येकदा सांगितला आहे, पण त्याचे मर्म मला तुलूजच्या स्वयंपाकघरात उमगले. रोमन अक्षरांचे पाय एका ओळीत असतात, डोकी खालीवर. आपल्या अक्षरांची डोकी एका ओळीत असतात, पाय खालीवर. 'ट', 'ड', 'द', 'ह', 'र' यांना उभे राहायला धड पायच नाहीत! ती रेघेवर उभी कशी राहणार? ती टांगावी लागतात, दोरीवरच्या कपड्यांसारखी. मोडी लिहिणारे कारकून तर आधी पानभर आडवी रेघ ओढीत आणि मग बोरूने तिला अक्षरे लटकावीत जात. आमच्या लहानपणी दुरेघी वहीवर अण्णा हेच सांगत असत: अक्षर रेघेला टांगायचे, रेघेवर बसवायचे नाही.

आणि समर्थांनी तर साडेतीनशे वर्षांपूर्वी हा सगळा संसार मांडून ठेवला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. ओळ आधी शिशाने आखावी आणि मग लिहावे, ओळीला ओळ लागू नये, वरची मात्रा आणि खालचे लांब अक्षर यांनी शेजारच्या ओळीत घुसू नये, असे त्यांचे सांगणे. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, ती कशासाठी? तर कागद कडेने झडला तरी अक्षर झडू नये म्हणून! आपण वहीत समास सोडतो तो तांबडी रेघ आहे म्हणून. समर्थांना त्याचे कारण ठाऊक होते. (ग्रंथाच्या प्रकरणाला समास, व्याकरणात शब्दांच्या जोडीला समास आणि वहीच्या कोऱ्या पट्टीलाही समास. परभाषकाला हे समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक होते.)

ओळीला ओळ लागू नये! मी ती फ्रेंच वही काढली आणि पट्टी घेऊन बसले. दोन जाड रेघांत चार घरे. जाड रेघ ही शिरोरेखा मानली तर? तिच्याखालच्या दोन घरांत अक्षराचे अंग. तिसऱ्या घरात उकार आणि ऋकार. चौथे घर खालच्या ओळीच्या वेलांट्यांना, मात्रांना आणि रफारांना. घर उरत नाही आणि कमीही पडत नाही! पाँत्वाजच्या त्या दुकानदाराने आयुष्यात देवनागरी पाहिली असेल असे मला वाटत नाही, पण त्याने आखली ती वही आपल्या लिपीला आपल्या एकरेघी वहीपेक्षा अधिक मानवते, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. एकरेघी वहीत वेलांटीला आणि उकाराला एकाच मोकळ्या पट्टीत भांडावे लागते.

मुलांच्या हाताला चार मिलिमीटरांचे अक्षर लहान पडते. म्हणून लेकीला मी एकाआड एक जाड रेघ धरायला लावली. सगळे माप दुप्पट झाले. "बाळे, तुझ्या शाळेत अक्षरे जमिनीवर चालतात, आपली अक्षरे फांदीला लोंबतात," एवढेच सांगितले. घरे मोजण्यात ती आधीच तरबेज होती. तिने पहिल्याच दिवशी मला सुनावले, "आई, तुझा उकार चौथ्या घरात गेला!"

एकदा ही वही आपली वाटू लागल्यावर तिचे बाकीचे गुण दिसू लागले. शहाण्णव पानांची वही म्हणजे मध्ये दुमडलेले चोवीस ताव. म्हणून ती टेबलावर उताणी पडून राहते, मिटत नाही. व्होज पर्वताच्या बाजूला क्लेरफोंतेन येथे १८५८ सालापासून कागदाची गिरणी आहे, तिच्या वह्यांचा कागद चौरस मीटरला नव्वद ग्रॅम वजनाचा. त्यावर शाईचे पेन असे चालते की लिहिण्यासारखे नसले तरी लिहावेसे वाटते, आणि शाई मागच्या पानावर उमटत नाही. फ्रान्समधील शाळांत पूर्वी जांभळ्या शाईची दौत असे. बॉलपेनला तिकडच्या शिक्षण खात्याने १९६५ मध्ये परवानगी दिली. अजूनही पुष्कळ मुले शाईच्या पेनानेच लिहितात. मी हौसेने जांभळी शाई आणली. 'शाई' हा शब्द फारसीतल्या काळ्या रंगावरून आलेला, तेव्हा जांभळी शाई हा वदतोव्याघात आहे, हे यजमानांना सांगून पाहिले. ते विमानांत गढलेले असतात.

शिवाय त्यांच्याकडेही कच्ची वही आहे! तिला 'ब्रुयों' म्हणतात, तिचा कागदही हलका, आणि जुन्या वह्यांच्या मलपृष्ठावर आपल्यासारखेच पाढे छापलेले असत. पावकी-निमकी नाही, हे खरे. आपण वहीला खाकी कागदाचे वेष्टण घालून वर नावाची चिठ्ठी डकवतो, ते रंगीत प्लॅस्टिकचे घालतात. शाळेच्या यादीत विषयवार रंगही लिहून येतात, आणि सुट्टी संपताना आईबाप ती यादी घेऊन दुकानांतून वणवण करतात. जूनमधल्या आपल्या रांगा आठवून मला घरी आल्यासारखे वाटले.

त्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आमची चोपडी म्हणून सेयेस आखणीची कोरी वही होती. पहिल्या पानावर लेकीने 'श्री' काढला. वेलांटी तिसऱ्या रेघेला जिथे लागायची तिथे लागली.

अण्णांना पत्र आता त्याच आखणीच्या सुट्या कागदावर जाते. पहिले पत्र पोचायला वीस दिवस लागले. पाठोपाठ त्यांचे उत्तर आले, निळ्या शाईतले, सुबक टांगलेल्या अक्षरांचे: "चि. नातीचे पत्र पावले. शिरोरेखा सरळ आहे. 'ध' उघडा ठेवला, त्याचा एक गुण अधिक. 'खूप'मधला उकार दोन ठिकाणी पायरी चुकून खाली उतरला आहे, तो वर घ्यावा. कागद उत्तम. उभ्या रेघांचे प्रयोजन कळले नाही. तशा दोन वह्या येणाऱ्या माणसाबरोबर पाठवाव्यात."