पेटीवरचे नाव आणि पेटीतला सूर

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. इथल्या बाजारात एखादा जुना गुंड मोडीत द्यायला घेऊन गेलात, तर दुकानदार पहिल्यांदा काय करतो? तो गुंड तराजूत टाकतो. भांड्यावर मामाचे नाव असते, लग्नाची तारीख असते. पण त्या नावाबद्दल कोणी एक पैसा जास्त देत नाही. असले नाव घालायला कारागिराला दोन मिनिटे पुरतात, आणि ते भांडे घडवणाऱ्याचे नसून देणाऱ्याचे असते, हे आपल्या घरातल्या पोरालासुद्धा ठाऊक असते. पण हेच पितळ एका लाकडी पेटीत बसून गाऊ लागले, की आपल्या हातातला तराजू कुठे जातो कोण जाणे!

मी बोलतो आहे ते हार्मोनियमविषयी, म्हणजे आपल्या नेहमीच्या बाजाच्या पेटीविषयी. आपल्या भागात ती घरोघरी नसली तरी गावोगावी आहे. भजनाला ती लागते, भागवत सप्ताहाला लागते, झाडीपट्टीच्या नाटकाचे तर तिच्यावाचून पान हलत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या दारात येऊ दिले नाही. पण त्या तीस वर्षांत गावातली पेटी काही बंद पडली नाही. नवी चांगली पेटी महाग, म्हणून मंडळे बहुधा जुनी पाहतात. आणि जुनी पेटी विकताना लाकूड, भाता आणि पट्ट्या यांच्याबरोबर आणखी एक वस्तू विकली जाते. ती म्हणजे गोष्ट.

अशीच एक गोष्ट पवनी तालुक्यातल्या एका भजन मंडळाने विकत घेतली. धान विकले गेल्यावर घरटी वर्गणी काढून मंडळाने अडतीस हजार रुपये उभे केले. खजिनदार एक निवृत्त गुरुजी. पैशाच्या बाबतीत इतके काटेकोर, की चहाचा खर्चही वहीत लिहायचे. विकणाऱ्याने सांगितले, "पॅरिस सुरांची पेटी आहे, गुरुजी. असा माल आता मिळत नाही." पेटीवर एका जुन्या नामांकित पेढीच्या नावाची पितळी पट्टी होती. गुरुजींनी एवढेच विचारले, "पॅरिस सूर आहेत ना नक्की?" तो म्हणाला, "आहेत." व्यवहार झाला.

पुढल्या वर्षी ऐन काकड आरतीत दोन सूर तुटले. पेटी दुरुस्तीला नेली, तेव्हा मी बरोबर होतो. कारागिराने वरची फळी काढली आणि एकेक सूर दाखवला. चौऱ्याहत्तर सुरांपैकी अकरा जुने, परदेशी घडणीचे; बाकीचे दोनतीन वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हातांनी बसवलेले. नावाची पट्टी दोन स्क्रूंवर होती आणि तिच्याखाली दुसऱ्याच पट्टीची जुनी भोके होती. कारागीर मला म्हणाला, "सर, पेटी वाईट नाही. गोष्ट तेवढी महाग पडली."

आता यात विकणारा खोटे बोलला काय? "पॅरिस सूर आहेत," असे तो म्हणाला. आणि अकरा होतेही. अडचण इथेच आहे. जुन्या वाद्यांच्या बाजारात शुद्ध खोटे कमी चालते, अर्धे खरे फार चालते. ते कसे चालते हे समजायचे असेल, तर पेटीच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

हार्मोनियम मूळची पॅरिसची. अलेक्झांद्र द्बेन याने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. ती पायाने हवा भरायची, टेबलाएवढी पेटी होती. आपल्याकडे मांडी घालून बसणाऱ्या गवयाला ती सोयीची नव्हती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला हाताच्या भात्याची, जमिनीवर ठेवण्याजोगी केली. त्यांची द्वारकीन ही पेढी १८७५ मध्ये सुरू झालेली. पेटी इथे बनू लागली तरी तिच्यातले सूर, ज्यांना रीड म्हणतात, ते पुष्कळ काळ फ्रान्स आणि जर्मनीतून येत. पुढे गुजरातेत पालिताण्याला उत्तम सूर घडू लागले. तेव्हा 'पॅरिस', 'जर्मन' आणि 'पालिताणा' ही नावे मुळात खरी आहेत, आणि म्हणूनच ती खोट्या कामाला उपयोगी पडतात.

सूर म्हणजे काय? पितळेच्या चपट्या पट्टीत एक फट, आणि त्या फटीवर एका टोकाला जखडलेली पितळेचीच बारीक जीभ. हवा फटीतून जाताना जीभ थरथरते आणि स्वर निघतो. तीन सप्तकांच्या पेटीला सदतीस पट्ट्या. सुरांचे दोन संच असले, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर असले, की चौऱ्याहत्तर सूर झाले. यातला प्रत्येक सूर वेगळा बसवलेला असतो. एक काढावा, दुसरा लावावा. याचाच अर्थ असा, की एका सुराची जात कळली म्हणजे त्र्याहत्तरांची कळत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. 'जुने ते सोने' ही म्हण लाकडाला थोडीफार लागू पडेल, सुराला नाही. ४४० कंपनांची पांढरी सहा एक तास सलग वाजली, तर तिची जीभ पंधरा लाखांहून जास्त वेळा हलते. शिवाय पेटी बेसूर झाली, की कारागीर कानस घेतो: जिभेचे टोक घासले की स्वर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. दर वेळी थोडे पितळ जाते आणि ते परत येत नाही. तेव्हा सूर खरोखरीच पॅरिसचे असले, तरी किती वेळा घासले गेले हा प्रश्न उरतोच. घडवणाऱ्याचे नाव आणि वस्तूची आजची किंमत या दोन निराळ्या बाबी आहेत.

तिसरी गोष्ट आधीच्या मालकाची. "ही पेटी अमक्या बुवांच्या साथीला होती," "हा ऑर्गन गंधर्व नाटक मंडळीतला," अशा कथा आपण ऐकतो. ती मंडळी १९१३ मध्ये निघाली आणि गावोगाव फिरली हे खरे. पण तिच्या नावावर सांगितले जाणारे सगळे ऑर्गन एके ठिकाणी आणले, तर रंगमंचावर नटांना उभे राहायला जागा उरणार नाही! गंमत अशी, की सांगणारा लबाडच असतो असे नाही. त्याला त्याच्या वडिलांनी सांगितले, तो तुम्हाला सांगतो. पण श्रद्धेने सांगितलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे.

हा रोग केवळ आपला नाही. इटलीतला थोर व्हायोलिनकार स्ट्राडिव्हारी १७३७ साली वारला. पण एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या कारखान्यांतून निघालेल्या हजारो व्हायोलिनांत त्याच्या नावाची चिठ्ठी आहे. आज आपल्या कॉलेजातली मुले जुनी इलेक्ट्रिक गिटार शोधतात. तिथेही हाच खेळ. अमेरिकेतली फेंडर कंपनी १९६५ मध्ये सी.बी.एस.ने विकत घेतली. त्याआधीच्या गिटारींना भाव फार. आता या गिटारीचा दांडा धडाला चार स्क्रूंनी जोडलेला, आणि त्या काळातला क्रमांक बहुधा त्या जोडावरच्या लोखंडी पट्टीवर. पट्टी जुनी, धड तिसऱ्याचे, दांडा चौथ्याचा, असे सहज होऊ शकते. आपल्या गुरुजींच्या पेटीचीच ही धाकटी बहीण!

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या जपानी गिटारी अमेरिकेत विकणाऱ्या कंपनीवर दावा लावला. वाद होता गिटारीच्या माथ्याच्या आकाराचा, आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. पण त्या काळातली कुठलीही जपानी नक्कल आज 'दाव्यातली गिटार' म्हणून चढ्या भावाने पुढे केली जाते. जणू काय ती अस्सलाच्या तोडीची असल्याचा निकालच कोर्टाने दिला!

आपल्या राज्यात मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण मानांकन गावाचे आहे. तुमच्यापुढचा जुना तंबोरा कोणाच्या हातचा आणि त्याच्या भोपळ्याला तडा आहे की नाही, हे ते सांगत नाही.

मग करायचे काय? पहिले म्हणजे पेटी उघडायला लावावी. उघडू न देणाऱ्याकडून घेऊ नये. सगळे सूर एका रंगाचे, एका घडणीचे आहेत का, कानशीच्या खुणा किती, हे पाहावे. मग सगळे पडदे बंद करून भाता भरावा. हवा भराभर निघून गेली तर गळती आहे. प्रत्येक पट्टी एकेक करून, हळू आणि जोरात, वाजवून पाहावी. अडखळणारा, खरखरणारा सूर लपत नाही. जमल्यास ओळखीचा कारागीर बरोबर न्यावा. भाव ठरवताना विकणारा काय मागतो हे न पाहता, तशी नवी पेटी केवढ्याला येते आणि हिच्या दुरुस्तीला किती लागेल, याची वजाबाकी करावी.

दुसरे म्हणजे प्रश्न नीट विचारावा. "पॅरिस सूर आहेत ना?" हा प्रश्नच नव्हे, ती समोरच्याला दिलेली सवड आहे. विचारावे असे: किती सूर पॅरिसचे? कोणते बदलले, कोणी, केव्हा? नावाची पट्टी मूळचीच का? आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. पण विचारल्यावर जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तर ठरते. म्हणून ते उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. "चौऱ्याहत्तर सूर पॅरिस, नावाची पट्टी मूळची," एवढी एक ओळ पुरे. ती लिहिताना विकणाऱ्याचा हात थबकला, तर तेही एक उत्तरच समजावे. विकणारा व्यापारी असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. मात्र तिथेही पहिल्यांदा कागदच विचारतात.

आमच्या गुरुजींजवळ कागद होता. त्यावर लिहिले होते: 'जुनी पेटी एक. रु. ३८,०००.' बस्स. मंडळाने त्यांना एक शब्द बोलला नाही. पण त्यांनी खजिनदारी सोडली, आणि कितीतरी महिने ते भजनालाही आले नाहीत. पेटीतले तुटलेले दोन सूर थोड्या पैशांत बदलले गेले. ती आजही वाजते, आणि खरे सांगायचे तर बरी वाजते.

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असे आपण हसत म्हणतो. कथलाचा वाळा घालण्यात काही लाज नाही. पितळेचा सूर पालिताण्याचा असो की आणखी कुठला, गोड असला म्हणजे झाले. फक्त कथलाचे पैसे कथलाएवढे द्यावेत. भांड्याच्या दुकानात आपण नाव वाचतो आणि मग वजन करतो. पेटी घेतानाही क्रम तोच ठेवा.