रंग कातडीवर थांबत नाही

बोआ कन्स्ट्रिक्टर हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला जाडजूड साप. आपल्या अजगरासारखाच तो भक्ष्याला विळखा घालून मारतो. पण अजगर अंडी घालतो, बोआची मादी थेट जिवंत पिल्लं. मूळ रंग मातकट, पाठीवर गडद तपकिरी खोगिरं, शेपटीकडे विटकरी लाली. पाळणाऱ्यांनी त्यातून केशरी, राखाडी, गुलाबीसर पांढरे असे कितीतरी वाण काढले. त्यांना ते ‘मॉर्फ’ म्हणतात. आणि यातल्या काही रंगांसोबत शरीराची एखादी खोडही पिढ्यान्‌पिढ्या चालत येते!

आधी रंग येतो कुठून ते पाहू. सापाच्या कातडीत रंगपेशींचे तीन प्रकार असतात. एकीत काळं-तपकिरी मेलॅनिन, दुसरीत पिवळी-लाल द्रव्यं, आणि तिसरीत रंग नसतोच, असतात ग्वानिनच्या स्फटिकांच्या चकत्या, ज्या प्रकाश परतवतात. म्हणून मेलॅनिन बनेनासं झालं की बोआ पांढरा पडत नाही. पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. हा अल्बिनो. त्यातून लालही गेला, तर गुलाबीसर पांढरा ‘स्नो’ जन्मतो.

अल्बिनो बोआंचे दोन वाण प्रसिद्ध आहेत: ‘काल’ आणि ‘शार्प’. दिसायला सख्खे भाऊ. पण या दोघांची जोडी लावली की सगळी पिल्लं गडद, अगदी रानातल्या बोआसारखी निपजतात! कारण दोघांत बिघडलेलं जनुक वेगवेगळं आहे. एकाकडे जे बिघडलंय ते दुसरा धडधाकट पुरवतो. डोळ्यांची तक्रार मात्र मुख्यतः काल वाणाबद्दल ऐकू येते. त्यातल्या काही पिल्लांचा एक डोळा बारीक असतो, तर काहींना डोळा नसतोच.

रंगाचा डोळ्याशी काय संबंध? इथे दोन वाटा संभवतात. एक, तेच जनुक दोन्ही कामं करत असेल. दुसरी, गुणसूत्रावर त्याला लागून असलेलं भलतंच सदोष जनुक रंगाबरोबर फुकट प्रवास करत असेल. दुर्मीळ रंग टिकवायला नात्यातल्याच जोड्या लावल्या, की असे सोबती हमखास पुढे सरकतात.

या दोन वाटा ओळखायची युक्ती सुंदर आहे: बाहेरच्या, नात्याबाहेरच्या सापांशी पिढ्यामागून पिढ्या संकर करत राहायचं. शेजारी जनुक असेल तर कधीतरी ताटातूट होते आणि निरोगी रंगीत पिल्लू जन्मतं. तसं होतच नसेल, तर दोष बहुधा रंगाच्याच पोटात आहे.

बोआच्या दूरच्या नातलगाने, आफ्रिकेतल्या बॉल पायथनने, ही परीक्षा दिली आहे. त्याच्यातला ‘स्पायडर’ मॉर्फ म्हणजे अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक काळी नक्षी. हा साप मान डोलवतो, डोकं पिळवटतं, कधी भक्ष्यावरचा नेम चुकतो. इतर सापांशी कितीही संकर झाले, तरी ही डगमग नक्षीपासून सुटली नाही. 2022 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सूक्ष्म सीटी स्कॅन करून अशा सापांचा आतला कान पाहिला. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या तळाची पिशवी, दोन्हींची घडण बिघडलेली होती. नक्षी पाठीवर आणि बिघाड कानात!

हे कोडं बहुधा गर्भात उलगडतं. गर्भात मज्जारज्जू घडत असताना त्याच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि शरीरभर चालत जातात. त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. त्यांतल्याच काहींच्या रंगपेशी होतात, काहींचे मज्जातंतू, काहींची चेहऱ्याची हाडं. आतल्या कानाच्या घडणीतही त्यांचा वाटा असतो. म्हणजे रंग हा भिंतीला शेवटी दिलेला हात नव्हे. घर बांधणाऱ्या गवंड्यांचीच ती सही आहे. संपूर्ण पांढरी, निळ्या डोळ्यांची मांजरं बहुधा बहिरी असतात. मांजरांचे निळे डोळे आणि बहिरेपणा यांची सांगड डार्विनने 1859 मध्येच नोंदवली होती. त्यामागे कानातल्या रंगपेशींचा अभाव आहे.

हे समजलं की पाळणाऱ्यावर जबाबदारी येते, आणि बोआमध्ये ती पाळायचा मार्गही सोपा आहे. ‘मॉटली’ बोआच्या पाठीवर गोल ठिपक्यांची देखणी साखळी असते, आणि त्या जनुकाची एकच प्रत अंगात असली तर साप ठणठणीत जगतो. दोन प्रती आल्या की बिननक्षीचं, काळपट ‘सुपर मॉटली’ पिल्लू जन्मतं, आणि पाळणाऱ्यांचा अनुभव असा की ती बहुतेक लवकर मरतात. दोन मॉटलींची जोडी लावली तर सरासरी चारात एक पिल्लू असं निघतं. मॉटलीला साधा बोआ जोडीदार दिला, तर निम्मी पिल्लं मॉटली होतात आणि दुहेरी प्रत एकाच्याही वाट्याला येत नाही. साखळी तीच राहते, देखणेपण तेच राहतं. फक्त जोडी लावणाऱ्याला हे ठाऊक हवं.