औषधाच्या आधी अंगातले बळ मोजा

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड आपल्या भागात ओळखला जातो तो महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी आणि तिथल्या दर्ग्यासाठी. आपली माणसे दर्शनाला जात नसली तरी यात्रेत दुकान मांडायला, मजुरीला, नाहीतर नुसती गर्दी पाहायला जातात. मग घरी आल्यावर बाया सहज बोलतात, "यंदा बुढा अर्ध्यातच बसला बाई, मागच्या साली वरपर्यंत गेला होता." बोलणे तिथेच विरते. पण त्याच बुढ्याला पुढे तोंडातल्या गाठीसाठी नागपूरला न्यावे लागले, तर डॉक्टरला जे सांगायला हवे ते नेमके हेच. आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते.

म्हाताऱ्या माणसाला कॅन्सर निघाला की आपल्या घरांत दोन टोकांचे निर्णय होतात. पहिला म्हणजे, "आता वय झालं, नागपूरले कायले नेता?" दुसरा म्हणजे शेत गहाण टाकून, बैलजोडी विकून, असेल नसेल ते सगळे औषध बुढ्याच्या अंगात ओतायचे. पहिल्यात बरा होऊ शकणारा माणूस खाटेवर संपतो. दुसऱ्यात कॅन्सरच्या आधी औषधच त्याला आडवे करते. दोन्ही निर्णयांत एक गोष्ट सारखी असते. त्या माणसाच्या अंगात किती बळ शिल्लक आहे, हे कोणी तपासलेले नसते. आधारकार्डावरचे वय तेवढे पाहिलेले असते.

वयाचा आकडा फसवा असतो. बहात्तर वर्षांची एखादी बाई आजही रोवणीला वाकते, मोहफुले वेचते, पाण्याचा गुंड डोक्यावर आणते. तिच्याच वयाची दुसरी भिंतीला धरल्याशिवाय उठत नाही, दोन घास खाऊन ताट सारते, महिन्यातून एकदा अंगणात पडते. दोघींना एकच आजार आणि एकच औषध दिले तर परिणाम एकच कसा होईल? अंगातला राखीव साठा असा हळूहळू आटत जाणे याला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात. आपण 'खंगणे' म्हणतो. खंगलेला माणूस रोजच्या दिवसात कसाबसा तग धरतो. पण शस्त्रक्रिया, केमोथेरपी, शेक असा मोठा धक्का बसला की तो पूर्वीच्या जागी परत येत नाही.

रोग्याचे बळ पाहून औषध द्यावे, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची हकिकत आहे. तथागतांची प्रकृती बिघडली आणि त्यांना रेचक द्यायचे ठरले. जीवकाने लगेच औषध दिले नाही. आधी काही दिवस तथागतांच्या अंगाला तेल लावून ते स्निग्ध करावे, असे त्याने आनंदाला सांगितले. त्यानंतरही नेहमीचे जहाल रेचक यांना योग्य नाही, असा विचार त्याने केला आणि कमळांच्या तीन मुठींत औषध भरून त्यांचा केवळ वास घ्यायला दिला. या हकिकतीतली कमळे कोणी शब्दशः घेतली नाहीत तरी चालेल. आधी शरीर तयार करणे आणि मग औषधाचा जोर ठरवणे हा जीवकाचा क्रम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण आजचे कॅन्सरतज्ज्ञही त्याच क्रमावर आले आहेत.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१८ साली वृद्ध कॅन्सररुग्णांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. साठ वर्षांपुढच्या रुग्णाचा तिथे नुसता रिपोर्ट पाहत नाहीत. तो कसा चालतो, काय खातो, किती गोळ्या घेतो, आठवण कशी आहे, मन उदास आहे का, घरी पाहणारे कोण आहे, हे सगळे विचारतात. पूर्ण तपासणीला वेळ लागतो. गर्दीच्या दवाखान्यात प्रत्येकासाठी तेवढा वेळ निघत नाही. म्हणून आधी एक छोटी चाळणी लावतात. 'जी-८' नावाची अशी एक चाळणी फ्रान्समधील डॉक्टरांनी तयार केली. त्यात आठ गोष्टी आहेत. गेल्या तीन महिन्यांत खाणे कमी झाले का, वजन उतरले का, माणूस घराबाहेर फिरतो की खाटेलाच आहे, विसरभोळेपणा वा उदासी आहे का, उंचीच्या मानाने वजन किती, रोज तीनपेक्षा जास्त औषधे चालू आहेत का, आपल्या वयाच्या इतरांपेक्षा आपली तब्येत त्याला स्वतःला कशी वाटते, आणि शेवटी वय. एकूण गुण १७. त्यांतले १४ किंवा त्याहून कमी मिळाले तर सविस्तर तपासणी करायची. वयाला या सतरांत फक्त दोन गुण आहेत आणि खाण्यापिण्याला व वजनाला त्याहून कितीतरी जास्त, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

कॅलिफोर्नियातील डॉ. आरती हुरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केमोथेरपीचा त्रास कोणाला जास्त होईल, याचा अंदाज बांधणारी पद्धत मांडली. तीत रक्ताच्या तपासण्या आहेतच, पण त्यासोबत अगदी घरगुती प्रश्नही आहेत. कानाला नीट ऐकू येते का? गेल्या सहा महिन्यांत पडलात का? थोडे अंतर चालताना अडचण होते का? गोळ्या घ्यायला कोणाची मदत लागते का? लोकांत मिसळणे कमी झाले का? हे शेवटचे आपण आपल्या भाषेत विचारू या. आजी पूर्वी दर पौर्णिमेला विहारात यायची, ती कधीपासून येत नाही?

या प्रश्नावल्या शहरी माणसे डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. 'बँकेचे व्यवहार स्वतः करता का' असे विचारले तर आपली कित्येक म्हातारी माणसे 'नाही' म्हणतील. ते अंग थकल्यामुळे नव्हे, बँकेचे काम कायमच पोराकडे असल्यामुळे. तेव्हा घरच्यांनी आपल्या जगण्यातली मापे सांगावीत. धानाच्या बांधीपर्यंत एकटा जातो का? खाली बसून बिडी वळणारी बाई आधाराशिवाय उठते का? बोडीवरून धुणे आणते का? सहा महिन्यांपूर्वी काय करत होती आणि आज काय सुटले, एवढे सांगितले तरी डॉक्टरला चित्र दिसते. एक सोपी चाचणी घरीही पाहता येते. खुर्चीवरून उठून तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट, नेहमीच्या चालीने चालायचे, वळून परत येऊन बसायचे. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. चाचणी घेताना शेजारी माणूस उभा ठेवा. यावरून घरीच निदान करू नका, आकडा लिहून डॉक्टरला दाखवा.

एवढी चौकशी करून फायदा काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत सत्तर वर्षांपुढच्या, आजार पसरलेल्या ७१८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ज्यांच्या डॉक्टरांना अशा तपासणीचा अहवाल आणि सूचना दिल्या होत्या, त्या रुग्णांपैकी ५१ टक्क्यांना औषधाचा गंभीर त्रास झाला. ज्यांच्या डॉक्टरांना तो दिला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ७१ टक्के होते. पडण्याचे प्रमाणही २१ वरून १२ टक्क्यांवर आले. पहिल्या गटात सुरुवातीलाच औषधाचा जोर कमी ठेवण्याचे प्रमाण जास्त होते, तरीही सहा महिन्यांनी जिवंत राहण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. सगळे औषध ओतले म्हणजेच खरी सेवा, या समजुतीला हे मोठे उत्तर आहे.

म्हणून तपासणीत कमी गुण आले तर ती उपचार नाकारण्याची चिठ्ठी समजू नये. वयावरून माणसाला टाकून देणे ही जन्मावरून टाकून देण्याचीच धाकटी बहीण आहे, आणि तिला आपल्या घरात जागा नसावी. कमी गुण म्हणजे दुरुस्त करण्यासारख्या गोष्टींची यादी. आपल्याकडे त्यात पहिले नाव खाण्याचे. पूर्व विदर्भात खर्रा आणि बिडी यांनी तोंड व घसा पोखरले आहेत. ज्याचे तोंडच उघडत नाही तो काय खाणार? अशा माणसाला भाताच्या नुसत्या पाण्यावर ठेवू नये. पेजेत घोटलेली डाळ, दूध, मऊ उकडलेले अंडे कुसकरून द्यावे, थोडे थोडे आणि दिवसातून सहा वेळा. गिळताना ठसका लागत असेल तर जबरदस्ती न करता डॉक्टरला सांगावे, नाकातल्या नळीने अन्न देता येते. नळी म्हणजे शेवट, अशी भीती घालणारे शेजारी दारात थांबवावेत! खर्रा मात्र त्याच दिवशी बंद, आणि त्याच्या समोर बसून खाणाऱ्या पोरांचाही बंद.

दुसरे रक्ताचे. आपल्या जिल्ह्यांत सिकलसेल आहे. घरात कोणाची तपासणी झाली असेल तर तो कागद सोबत न्यावा. तिसरे गोळ्यांचे. बीपीची, साखरेची, गुडघ्याची आणि गावातल्या कोणी दिलेली पुडीसुद्धा, सगळे एका पिशवीत भरून डॉक्टरपुढे ठेवावे. पुडी लपवण्यात काही शहाणपण नाही.

प्रवासाचा विचार उपचार ठरवतानाच व्हायला हवा. अर्जुनीहून गोंदिया, तिथून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. शेक रोज, आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतो. खंगलेल्या माणसाला रोजचे येणे-जाणे शक्य नसते, म्हणून राहण्याची सोय आणि शेकाचे दिवस कमी करता येतील का, हे दोन्ही आधीच विचारावे. कॅन्सरच्या रुग्णाला व सोबत्याला उपचारासाठी रेल्वेभाड्यात सवलत मिळते. ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये थांबली, ही थांबलेली नाही. रुग्णालयाकडून तिचा दाखला भरून घ्यावा. एस.टी.त ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात, आणि सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान वय वंदना कार्डही निघते. कार्ड आधी काढावे. दाखल झाल्यावर धावपळ करू नये.

आणि एक प्रश्न राहिला, जो कुठल्याच छापील तक्त्यावर घरच्यांसाठी लिहिलेला नसतो. आजाराचे नाव बुढ्याला सांगायचे नाही, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. डॉक्टर पोराशी बोलतो, पोरगा जावयाशी बोलतो, आणि ज्याच्या अंगात औषध जायचे तो बाकावर बसून भिंतीकडे पाहतो. त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे आणि विचारावे: जास्त दिवस हवेत म्हणून त्रास सोसायची तयारी आहे, की असतील तेवढे दिवस आपल्या अंगणात, चालता-बोलता काढायचे आहेत? उत्तर लगेच मिळत नाही. दोन दिवस थांबावे, पुन्हा विचारावे आणि तो म्हणेल ते पुढच्या तारखेला डॉक्टरला त्याच्याच तोंडून सांगू द्यावे.