भूगर्भातील वायू आणि भूजलाचे रक्षण

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्र यांच्या जोडीला पाणी गाळण्याचे वस्त्रही असते. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा घडू नये, हा त्यामागील हेतू. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असाही विनयाचा नियम आहे. पाणी बिघडण्यापूर्वीच जपावे, हा या नियमांचा आशय होय. आज कोळसा आणि शेल खडकांतील इंधनवायूसाठी जगभर भूगर्भ विंधला जात असताना, डोळ्यांना न दिसणाऱ्या भूजलाच्या बाबतीत हा आशय अधिकच महत्त्वाचा ठरतो.

भूजल कसे साठते?

भूजल म्हणजे जमिनीखालचे तळे किंवा झरझर वाहणारी नदी, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुतः मुरलेले पावसाचे पाणी खडकाच्या कणांमधील पोकळ्यांत आणि भेगांत साठून राहते. पाणी धरून ठेवणाऱ्या व ते विहिरीला पुरवणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. दोन जलधरांच्या मध्ये बहुधा घट्ट खडकाचा किंवा चिकणमातीचा थर असतो. वरचे गोडे पाणी आणि खोलवरचे खारे पाणी यांना तोच वेगळे ठेवतो.

वायू कसा काढतात?

कोळशाच्या थरात मिथेन वायू कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून असतो आणि भोवतालच्या पाण्याचा दाब त्याला जागी धरून ठेवतो. विंधन विहीर घेऊन ते पाणी उपसले की दाब उतरतो व वायू मोकळा होतो. म्हणजे येथे भूजलाचा उपसा हा वायू काढण्याचाच एक भाग असतो.

शेलसारख्या अतिघट्ट खडकात केवळ उपशाने वायू सुटत नाही. तेथे पाणी, वाळू आणि अल्प प्रमाणात रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला भेगा पाडतात. वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. या प्रक्रियेला फ्रॅकिंग म्हणतात. कोळशाच्या थरांतही गरजेनुसार तिचा वापर होतो.

धोका कोठे असतो?

वायूपर्यंत जाणारी विहीर वाटेत गोड्या पाण्याचे थर ओलांडते. पोलादी नळी आणि तिच्याभोवतीचे सिमेंट हेच तेथील संरक्षण. सिमेंट नीट बसले नाही किंवा कालांतराने त्याला तडे गेले, तर वायू व दूषित पाणी यांना वर चढायला वाट मिळते. दुसरा धोका उपशाचा. एका थरातील दाब उतरला की शेजारच्या थरांतील पाणी तिकडे ओढले जाते आणि गावाच्या विहिरींची पातळी खालावते. तिसरा धोका वर आलेल्या खाऱ्या पाण्याचा. ते शुद्ध केले तरी मागे मिठाचे ढीग उरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ च्या अहवालात नमूद केले की रसायनांची सांडलवंड, सदोष विहिरी आणि सांडपाण्याची अयोग्य विल्हेवाट अशा परिस्थितींत फ्रॅकिंगच्या कामांमुळे पिण्याच्या पाण्याला बाधा पोहोचू शकते.

क्वीन्सलँडचा अनुभव

ऑस्ट्रेलियातील ग्रेट आर्टेशियन खोरे हा जगातील अतिविशाल भूजलसाठ्यांपैकी एक. त्याचा विस्तार सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटीहून अधिक आहे. काही ठिकाणचे पाणी लाखो वर्षांपूर्वी मुरलेले आहे. त्या कोरड्या प्रदेशातील गावे, पशुपालन आणि आदिवासी समाजांना पवित्र असलेले झरे या पाण्यावर अवलंबून आहेत. याच खोऱ्याचा भाग असलेल्या क्वीन्सलँड राज्यातील सुरात भूप्रदेशात कोळशाच्या थरांतील वायूसाठी हजारो विहिरी खोदल्या गेल्या.

तेथील कायद्यानुसार उपशाचा परिणाम मोजण्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. घट्ट खडकातील जलधराची पातळी ५ मीटरहून अधिक, किंवा गाळाच्या जलधराची २ मीटरहून अधिक उतरण्याची शक्यता असेल, तर बाधित विहिरीची भरपाई करण्याची जबाबदारी वायू कंपनीवर येते. विहीर खोल करून देणे, पर्यायी पाणी देणे किंवा मोबदला देणे असे तिचे मार्ग आहेत. ही तरतूद स्वागतार्ह खरी. परंतु मोबदल्याने जलधर भरून निघत नाही.

२०१२ मध्ये तेथील कॉन्डामाइन नदीत मिथेनचे बुडबुडे दिसले. तो वायू निसर्गतः येतो की उपशामुळे, यावर दीर्घ वाद झाला. काम सुरू होण्यापूर्वीची पुरेशी मोजमापे हाती नसली की असे वाद मिटत नाहीत. त्याच परिसरात जमिनीखालीच कोळसा जाळून वायू मिळवण्याचा प्रयोग करणाऱ्या एका कंपनीला पर्यावरणाची गंभीर हानी केल्याबद्दल २०१८ मध्ये ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ही पद्धत फ्रॅकिंगहून वेगळी असली तरी धडा समान आहे. निकाल लागला तेव्हा कंपनी आधीच दिवाळखोरीत गेली होती. जमीन मात्र जागीच राहिली.

रक्षणाचा मार्ग

यावरून काही तत्त्वे स्पष्ट होतात. खोदकामापूर्वी परिसरातील प्रत्येक विहिरीची पातळी व पाण्याचे गुणधर्म नोंदवावेत. वापरायची रसायने जाहीर करावीत. पिण्याच्या पाण्याचे मुख्य जलधर खोदकामातून पूर्णतः वगळावेत. विहिरी बंद केल्यानंतरच्या देखभालीचा खर्च कंपनीकडून आधीच अनामत घ्यावा. मुख्य म्हणजे, काम निर्धोक आहे हे सिद्ध करण्याचा भार खोदणाऱ्यावर असावा, गावकऱ्यांवर नव्हे. फ्रान्सने २०११ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१७ मध्ये तसा कायदा केला आणि २०२१ मध्ये ती बंदी राज्यघटनेतही समाविष्ट केली.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. पश्चिम बंगालमधील राणीगंज, झारखंडमधील झरिया व बोकारो आणि मध्य प्रदेशातील सोहागपूर येथे कोळशाच्या थरांतील वायूची क्षेत्रे आहेत. देशाला ऊर्जा हवी, हे नाकारता येत नाही. परंतु वायूला सूर्य आणि वारा हे पर्याय आहेत. पिण्याच्या पाण्याला पर्याय नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा समान हक्क कृतीने प्रस्थापित केला. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क हा त्या लढ्याचा गाभा होता. पोहोचल्यावर ते पाणी पिण्याजोगे असणे, हा त्याच हक्काचा उत्तरार्ध आहे. भूजलात विरघळलेले दूषण वस्त्राने गाळले जात नाही. म्हणून तेथे गाळणी लावायची ती निर्णयालाच, आणि तीही पहिला घाव जमिनीवर पडण्यापूर्वी. या विद्यालयातून विज्ञान शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या असे निर्णय घेणाऱ्यांत असतील. त्यांनी प्रथम विहिरीची पातळी विचारावी, नफ्याचा आकडा त्यानंतर.